चंद्रपूरचा कोळसा थांबवायचा असेल तर अणुऊर्जा लागेलच

रास्ता_पेठ (धागाकर्ता)

मी भोसरीतल्या एका फाउंड्रीत विजेचा हिशेब बघतो. इंडक्शन भट्ट्यांच्या कारखान्यात कच्च्या मालाखालोखाल विजेचाच खर्च, त्यामुळे राज्य वीज नियामक आयोगाचा दर-आदेश आमच्याकडे पंचांगासारखा वाचला जातो. वर्षानुवर्षे उद्योगांना रात्रीच्या विजेवर सवलत होती, म्हणून भट्ट्या रात्रपाळीत चालायच्या. २०२५ च्या दररचनेत ती सवलत दुपारी सरकली आणि संध्याकाळ महाग झाली. कारण सरळ आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते, दिवस मावळला की ती शून्यावर जाते, आणि पुण्यातले एसी, लिफ्ट, गाड्यांचे चार्जर नेमके त्यानंतर जोर धरतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, वायू सोडून इतर स्रोतांची आहे. २०३० चे लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले. मला याचा आनंदच आहे. पण क्षमता म्हणजे वीज नाही. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा अजून कोळशाचा आहे. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प रात्र, ढग, धूळ सगळे धरून वर्षाच्या सरासरीत २० ते २५ मेगावॉट देतो. १०० मेगावॉटची चांगली चालणारी अणुभट्टी ८० ते ८५ देते. सरकारी जाहिरातीत दोन्ही १००च दिसतात.

उरलेली वीज कुठून येते? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट. पुण्यात रात्री दहाला पंखा फिरतो तेव्हा राख तिकडे पडत असते. ही गोष्ट मला स्वच्छ ऊर्जेच्या प्रत्येक चर्चेत टोचते.

म्हणून माझे म्हणणे असे की सरकारने अणुऊर्जेला धोरणात पहिली जागा द्यावी. सौर थांबवा असे मी म्हणत नाही. पण सौर आणि पवन यांच्या जोरावर कोळसा बंद होईल, असे जे गृहीत धरले जाते ते मला पटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात आठवडाभर ऊन दिसत नाही. पावसाळ्यात साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या छान फिरतात, पण ऑक्टोबरमध्ये वारा पडतो आणि नेमका तेव्हा उकाडा असतो.

कोणती अणुभट्टी, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या ठरल्या होत्या. त्याच बनावटीच्या फ्लामाँव्हिलच्या भट्टीचे काम फ्रान्समध्ये २००७ ला सुरू झाले आणि ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. फिनलंडमधली ओल्किलुओतोची भट्टी २००५ ते २०२३. हे आपल्याला परवडणारे नाही. आपल्याकडे स्वतःची ७०० मेगावॉटची जड पाण्याची भट्टी आहे. काक्रापारचे तीन आणि चार क्रमांकाचे संच चालू आहेत, रावतभाट्याचा सातवा २०२५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या २२० मेगावॉटच्या जातीतली कैगाची पहिली भट्टी २०१६ ते २०१८ या काळात सलग ९६२ दिवस न थांबता चालली. हे आपल्या लोकांनी केले आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांना एकत्र मंजुरी दिली, तोच रस्ता बरोबर होता. एकच आराखडा, तेच ठेकेदार, तेच वेल्डर, एक झाली की दुसरी.

जागेचाही हिशेब करून पाहा. जैतापूरसाठी ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. ९,९०० मेगावॉटच्या अणुकेंद्रातून वर्षाला जितकी युनिट मिळतील तितकी सौरमधून काढायला साधारण ४०,००० मेगावॉटची पॅनेल लागतील. मेगावॉटला चार एकर धरले तरी दीड लाख एकरांच्या वर. ही जमीन मराठवाड्यातलीच जाणार.

मतभेद असतील ते जरूर मांडा.

गच्चीवरचे_ऊन

मी सिंहगड रस्त्यावर छतावरच्या सौर यंत्रणा बसवतो, त्यामुळे माझी बाजू कोणती ते उघड आहे. तरी तुमच्या मांडणीत वेळेचा मुद्दाच नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, अर्ज केल्यापासून काही आठवड्यांत मीटर उलटा फिरायला लागतो. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरचे (जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीचे) काम २००४ ला सुरू झाले, तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. तेवढ्या काळात सौर विजेचा लिलावातला दर दोन आकडी रुपयांवरून अडीच रुपयांच्या आसपास आला. बॅटरीही त्याच उतारावर आहे. तुम्ही आज पायाभरणी केलेली भट्टी २०३८ ला वीज देईल, तेव्हा तिची स्पर्धा आजच्या सौरशी नसेल. तेव्हाच्या सौर अधिक बॅटरीशी असेल.

आणि पैसे? २०१७ च्या त्या दहा भट्ट्यांना मंजूर झालेली रक्कम १ लाख ५ हजार कोटी. म्हणजे मेगावॉटला १५ कोटी, तेही २०१७ च्या भावाने. सौरला चार कोटींच्या आसपास.

रास्ता_पेठ

@गच्चीवरचे_ऊन, तुमचेच आकडे घेऊ. सौरचे चार कोटी भागिले २० टक्के केले तर सरासरी मिळणाऱ्या एका मेगावॉटला २० कोटी पडतात. अणूचे १५ भागिले ८५ टक्के, साडेसतरा. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे, भट्टीचे चाळीस ते साठ. बॅटरी अजून धरलीच नाही. बॅटरी संध्याकाळचे चार तास सांभाळेल, ते मला मान्य आहे. आषाढातले ढगाळ दहा दिवस कोणती बॅटरी सांभाळणार आहे? तिथे आजही कोळसाच पेटतो आणि सौर कितीही वाढवले तरी पेटत राहील.

गच्चीवरचे_ऊन

भागाकार बरोबर आहे, पण त्यात व्याज नाही. सौरमध्ये घातलेला रुपया वर्षभरात कमवायला लागतो. भट्टीतला रुपया दहा-बारा वर्षे नुसता व्याज खात बसतो. वीज उद्योगातला कुठलाही बँकवाला आधी हेच विचारतो.

निवृत्त_पारेषण

माझी सगळी नोकरी पारेषणात गेली, त्यात बरीच वर्षे लोणीकंदच्या बाजूला. दोघांच्या बोलण्यात ग्रिड कुठेच आले नाही म्हणून लिहितो.

ज्यांना २००५-०६ चे पुणे आठवते त्यांना भारनियमन आठवत असेल. तेव्हा शहराने एक वेगळा मार्ग काढला होता. कारखान्यांनी टंचाईच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यांची सुटलेली ग्रिडची वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा. आयोगाने त्याला मान्यता दिली आणि २००६ पासून पुणे भारनियमनातून सुटले. 'पुणे मॉडेल' म्हणून ते देशभर गाजले. यातून मी एक धडा घेतला. वर्षाला किती युनिट तयार झाली याला कोणी विचारत नाही, लोकांना त्या त्या तासाला वीज हवी असते.

आता अणुभट्टीचा दोष. ती एकसारखी चालते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या दुपारी खाली आणून संध्याकाळी वर न्यायच्या, हे त्यांच्या प्रकृतीत बसत नाही. एकदा भार फार खाली आणला की आत झेनॉन हा न्यूट्रॉन गिळणारा वायू साचतो आणि काही तास भट्टी पुन्हा वर घेता येत नाही. दुपारी राज्यात सौरचा पूर येणार असेल तर त्या वेळी अणूची वीज कोणाला द्यायची? राजस्थानात आत्ताच दुपारची सौर वीज वाहून न्यायला तारा पुरत नाहीत म्हणून प्रकल्प कमी चालवावे लागतात. राज्य सरकारची सौर कृषिवाहिनी योजना १६,००० मेगावॉटची आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, साप-विंचवाच्या भीतीने रात्री पाणी धरायला जावे लागत नाही, फार चांगले काम आहे. पण तेही दुपारचेच.

यावर उत्तर आहे ते उदंचन प्रकल्पांचे. जादा वीज असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचे, संध्याकाळी सोडून वीज घ्यायची. घाटघरला २५० मेगावॉटचा चालतो. भिऱ्यालाही आहे. मावळात शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचे नियोजन आहे. सह्याद्रीचा कडा आपल्याला मिळाला आहे, तो राजस्थानला नाही. माझे मत: अणू तळाला, सौर दुपारी, घाटातले पाणी संध्याकाळी. तिघांपैकी एकावर सगळा भार टाकणारे धोरण मी कधीच मान्य करणार नाही.

अजून एक. २००८ च्या सुमारास देशातली अणुकेंद्रे निम्म्या क्षमतेने चालत होती, कारण युरेनियम नव्हते. अणुपुरवठादार देशांनी त्या वर्षी सूट दिली, कझाकस्तान, रशिया, कॅनडाकडून इंधन यायला लागले, आणि मग ती सुधारली. इंधनाची ही दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

रास्ता_पेठ

@निवृत्त_पारेषण, शेवटच्या मुद्द्यावर एवढेच की पॅनेलच्या सेलची दोरीही चीनच्याच हातात आहे. फरक असा की काही वर्षे पुरेल एवढे युरेनियम साठवून ठेवता येते, जागा फार लागत नाही. आपल्याकडे भरपूर असलेल्या थोरियमचा होमी भाभांनी आखलेला तीन टप्प्यांचा मार्ग याच परावलंबनातून सुटण्यासाठी होता, आणि अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर तो आजही आग्रहाने मांडतात. बाकी तुमची अणू, सौर, पाणी ही मांडणी मला मान्य आहे. मी फक्त म्हणतो की तळाला आज कोळसा आहे, आणि ती जागा घेऊ शकेल असे दुसरे काही कोणी दाखवलेले नाही.

अर्जुनाकाठ

मी राजापूर तालुक्यातला, आता वारज्यात राहतो. 'जैतापूरसाठी ९३८ हेक्टर घेतली' हे वाक्य तुम्ही जमिनीच्या बचतीचे उदाहरण म्हणून दिले आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरीलवाडा. या गावांची ती जमीन. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काही पिकत नाही असे कागदावर लिहिले गेले, त्याच सड्यावर आमच्या लोकांची कलमे आहेत, गुरे चरतात, पावसाळ्यात नाचणी-भात होते. समोर साखरी नाट्याची मच्छीमारी. भट्ट्यांचे गरम पाणी समुद्रात सोडले तर मासळीचे काय, या प्रश्नाला आमच्या लोकांचे समाधान होईल असे उत्तर मिळाले नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झाले. १८ एप्रिल २०११ ला नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. आज इतकी वर्षे झाली, जमीन हातातून गेलेली आहे आणि प्रकल्पाची एक वीट नाही.

आमचा जिल्हा एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचाही आहे. १९९२ मध्ये सामंजस्य करार, १९९९ मध्ये वीज, २००१ मध्ये बंद, कारण ती वीज राज्याला परवडेना. मोठा प्रकल्प, परकी कंपनी, गुप्त दर. जैतापूरच्या वेळी पुन्हा तेच शब्द कानावर आले तेव्हा लोक बिथरले यात नवल नाही. किरणोत्साराची भीती नंतरची. पहिला प्रश्न हा होता की आमच्याशी खरे कोण बोलते आहे?

पुण्याला रात्रीची वीज हवी आहे ना, मग मुळशीच्या काठावर भट्टी बांधायला पुणेकर तयार आहेत का?

घाटमाथा

@अर्जुनाकाठ, मुळशीचे नाव काढलेत म्हणून. माझे आजोळ मुळशी खोऱ्यातले. १९२१ साली तिथे सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्याने मिळाले. धरण झालेच. भाताची खाचरे बुडाली, घरे बुडाली, पाणी घाटाखाली सोडून वीज केली आणि ती गेली मुंबईला. आजोळच्या वाडीत दिवा यायला त्यानंतर कित्येक दशके लागली, आणि समोर पाणी भरलेले असताना उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालत.

म्हणून वरच्या प्रतिसादात शिरवत्याच्या उदंचन प्रकल्पाचे नाव इतके सहज आले ते मला लागले. ती वीज स्वच्छ असेल. मावळातल्या माणसाला विचारले का? सौर असो, अणू असो, पाणी असो, डोंगरातला आणि किनाऱ्यावरचा माणूस देतो आणि शहर घेते. शंभर वर्षांत यात काही बदललेले मला दिसत नाही.

निवृत्त_पारेषण

@घाटमाथा, मान्य. नियोजन म्हणताना आम्ही अभियंते नकाशावरची समोच्च रेषा बघतो, वाडी बघत नाही.

रास्ता_पेठ

@अर्जुनाकाठ, तुम्हाला सरळ उत्तर देतो. अणुकेंद्राभोवती ठराविक अंतरात वस्ती चालत नाही आणि मोठ्या शहराजवळ ते बांधता येत नाही, म्हणून मुळशीचा प्रश्न नियमातच अडतो. पण माझ्या मनाला विचाराल तर मी तयार आहे. मी आकडे पाहिले आहेत. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही युनिटमागे होणारे मृत्यू अणुऊर्जेत कोळशाच्या तुलनेत अत्यल्प आहेत. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४ च्या अहवालात युनिटमागे कार्बन उत्सर्जन अणूचे १२ ग्रॅम, कोळशाचे ८२० ग्रॅम दिले आहे. कोळसा एका दिवसात गाव रिकामे करत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

जैतापूरबद्दल तुमची तक्रार मला खरी वाटते. माझ्या मते तो फ्रेंच करार सरकारने सोडून द्यावा. तारापूरला जागा आहे, पारेषणाच्या तारा आहेत, १९६९ पासून केंद्र चालवण्याचा अनुभव आहे. पुढच्या ७०० च्या भट्ट्या आधी तिथे जमतात का ते पाहावे.

अर्जुनाकाठ

तारापूरला जागा आहे म्हणता, ती कोणाची होती? तीन आणि चार क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली. तिथल्या पुनर्वसनाचे खटले किती वर्षे चालले ते एकदा पाहा. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, हे कदाचित तुम्हाला खोटे वाटेल. मला आधीच्या गावांचे देणे चुकते झालेले बघायचे आहे.

कोर्टाची_पायरी

भरपाईचा विषय निघालाच आहे तर कायद्याचे बोलू. २०१० च्या नागरी दायित्व कायद्यात कलम १७(ब) होते. सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता यायची. भोपाळ डोळ्यांसमोर ठेवून संसदेने ते घातले होते. परदेशी कंपन्या अडून बसल्या त्या याच कलमामुळे. डिसेंबर २०२५ मध्ये 'शांती' कायदा आला, १९६२ आणि २०१० चे दोन्ही कायदे गेले, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि पुरवठादारावरची ती तरतूदही गेली. आता करारात लिहिले असेल किंवा कोणी जाणूनबुजून नुकसान केले असेल तरच वसुली.

धागाकर्ते म्हणतात भट्टी देशी असावी. मग पुरवठादाराला एवढे संरक्षण कोणासाठी? अणुऊर्जेच्या समर्थकांनी हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारायला हवा. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याने दर्जा मिळाला हे चांगले झाले, पण ते अणुऊर्जा विभागाच्या सावलीतून प्रत्यक्षात किती बाहेर येते हे नेमणुकांवरून कळेल.

रास्ता_पेठ

@कोर्टाची_पायरी, शंभर टक्के सहमत. भरपाईची हमी पातळ करून अणुऊर्जा वाढवणे हा अणुऊर्जेचाच घात आहे. एक अपघात आणि लोक जर्मनीसारखे सगळे बंद करतील. तिथे शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या, लिग्नाइटच्या खाणी तेव्हाही चालूच होत्या.

इरईकाठ

मी चंद्रपूरची, शिकायला पुण्यात आहे. सगळा धागा वाचला. शीर्षकात आमच्या गावाचे नाव आहे आणि तिथले अजून कोणी बोललेले नाही.

आमच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घातले की आधी झटकायचे आणि मग घडी घालायची. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात खाणींची धूळ आणि केंद्राची राख. माझ्या आजीचा पंप, म्हणजे श्वासाचा, तिच्या उशाशी असतो. अणुऊर्जा किती धोक्याची यावर पुण्यात वाद घालणारे लोक भेटतात तेव्हा मला एवढेच म्हणावेसे वाटते की आमचा धोका रोज चालू आहे, फक्त त्याला कोणी धोका म्हणत नाही.

रास्ता_पेठ दादा, तुमचा हेतू पोचला. पण एक सांगा. अणुकेंद्र सुरू झाले तर चंद्रपूरचा कोळसा बंद होईल, हे कुठे लिहिले आहे? राज्याची मागणी वाढतेच आहे. नवीन सौर आले, कोळसा चालू. काक्रापार आले, कोळसा चालू. कोराडीत तर ६६० मेगावॉटचे आणखी दोन कोळसा संच ठरले आहेत. उद्या अणू येईल आणि तीही वीज हिंजवडीच्या डेटा सेंटरला जाईल. आम्हाला काय?

रास्ता_पेठ

@इरईकाठ, ताई, हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सरकारच्या धोरणात त्याचे उत्तर नाही. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जा, २०३३ पर्यंत पाच लहान देशी भट्ट्या, त्यासाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी. सगळे लक्ष्य वाढवण्याचे. कमी काय करणार, कधी करणार, याची एकही तारीख नाही.

माझी मागणी अशी आहे. राज्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक नव्या अणुभट्टीच्या वीजखरेदी करारातच लिहावे की ती व्यापारी तत्त्वावर सुरू झाली की कोणता कोळसा संच, कोणत्या केंद्रातला, किती महिन्यांत कायमचा बंद होणार. चंद्रपूरचे तीन आणि चार क्रमांकाचे २१० मेगावॉटचे संच १९८० च्या दशकातले आहेत, सर्वांत जुने. ७०० ची एक भट्टी त्या दोघांची जागा घेऊन वर वीज उरवते. कामगारांचे काय, हेही त्याच करारात.

निवृत्त_पारेषण

हे शक्य आहे. वीजखरेदी कराराला आयोगाची मंजुरी लागते, आणि आयोगापुढे कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. तांत्रिक आक्षेप एकच येईल. चंद्रपूरचे संच गेले तर विदर्भाच्या बाजूला व्होल्टेज सांभाळायला काहीतरी लागेल. जुन्या जनित्राला टर्बाइनपासून सोडवून नुसते ग्रिडवर फिरते ठेवता येते, सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून. धूर नाही, राख नाही. त्यामुळे हे कारण सांगून संच चालू ठेवायला जागा राहत नाही.

घाटमाथा

हरकतीत अजून एक ओळ हवी: ज्या गावांची जमीन जाते त्यांना त्या केंद्राच्या प्रत्येक युनिटमागे काही पैसे, केंद्र चालू असेपर्यंत. एकरकमी नको. एकरकमी पैसा पाच वर्षांत संपतो, धरण शंभर वर्षे राहते.

गच्चीवरचे_ऊन

मला अजूनही वाटते की २०३८ पर्यंत बॅटरी जिंकेल. पण कोळसा संचाला तारीख लावायची मागणी असेल तर माझीही सही घ्या. मात्र मजकुरात फक्त अणुभट्टी लिहू नका. 'रात्री आणि पावसाळ्यात वीज देऊ शकणारी कोणतीही नवी क्षमता' असे लिहा. मग अणू येवो की साठवण, जुना संच बंद व्हायलाच हवा.

रास्ता_पेठ

@गच्चीवरचे_ऊन, हा बदल मान्य. मसुदा मी करतो. व्होल्टेजचा परिच्छेद निवृत्त_पारेषण यांनी लिहावा, भरपाईचा कोर्टाची_पायरी आणि घाटमाथा यांनी मिळून. अर्जुनाकाठ, अक्करपट्टी-पोफरणचा मुद्दा तुमच्या शब्दांत हवा आहे.

इरईकाठ

चंद्रपूरचा परिच्छेद मी लिहीन. इंग्रजीत करायचा असेल तर आधी मराठीत लिहून घरी दाखवते, आजीच्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या मराठी प्रतीवरच मिळतील.